हरणीच्या पाठीवरचा पोळपाट

मित्रांनो, मला तीन पाय आहेत आणि त्यांतला एक चिकटवलेला आहे. मी शिसवीचा पोळपाट आहे. वय तेरा वर्षे. आमच्यात हे वय म्हातारपणाचे मानत नाहीत, आमच्यातले कितीतरी जण दोन-दोन पिढ्यांच्या पोळ्या लाटून घेतात. पण मी जो प्रवास केला तो त्यांच्यापैकी कुणी केला असेल असे वाटत नाही. ही फुशारकी समजू नका. खरे सांगायचे तर ही हकिकत एका मत्सराची आहे आणि तो मत्सर माझा आहे.

माझा जन्म सासवडचा. तिथे लक्ष्मण सुतार म्हणून एक जाणते कारागीर होते. माझ्या मालकिणीची, पद्मिनीची आई, चित्राताई, स्वतः त्यांच्याकडे गेल्या आणि लेकीच्या लग्नासाठी पोळपाट करून द्या म्हणाल्या. "पाय तीनच ठेवा हं," त्यांनी बजावले. "चार पायांचा डुगडुगतो." लक्ष्मणकाकांनी मला अखंड लाकडातून काढले, घासून गुळगुळीत केले आणि दोन दिवस खोबरेल पाजले. रुखवतात मला लाडवांच्या ताटाशेजारी मांडले होते. येणारे-जाणारे लाडवांकडेच बघत होते आणि ते मला तेव्हाही आवडले नव्हते.

लग्नानंतर चार महिन्यांनी पद्मिनी जपानला निघाली. उदय, तिचा नवरा, तोक्योच्या एका विद्यापीठात मातीवर संशोधन करत होता. निघताना बॅगेचे वजन दोन किलोने जास्त भरले. घरचे सगळे म्हणाले, पोळपाट काढ, तिकडे मिळेल काहीतरी. पद्मिनीने मला काढले नाही. तिने बॅगेतले दोन जाड स्वेटर काढले आणि भर मे महिन्यात अंगात चढवले. घामाने डबडबलेली ती विमानात बसली आणि मी बॅगेत आरामात आलो. त्या दिवसापासून ती माझी झाली, असे मी मनाशी धरून चाललो.

तोक्योत ओजिमाच्या वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर, आमचे घर. पहिल्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या आणि रोज संध्याकाळी हा टकटक आवाज कसला, असे अगदी नम्रपणे विचारून गेल्या. पद्मिनीने वाकून माफी मागितली, दुसऱ्या दिवशी त्यांना मिठाईचा खोका नेऊन दिला आणि माझ्याखाली टॉवेलाची घडी ठेवली. तेव्हापासून मी टॉवेलावर बसून काम करू लागलो. सासवडच्या कुठल्या पोळपाटाचे एवढे लाड झाले असतील?

रोज आठ पोळ्या. रविवारी ग्योतोकूहून उदयचे मित्र बायकामुलांसह येत, त्या दिवशी तीस-पस्तीस. पोळ्या तव्यावरून थेट ताटात पडत आणि "वहिनी, काय पदर सुटलेत!" अशी वाहवा होई. कौतुक पोळीचे व्हायचे, तिच्या हाताचे व्हायचे, कणकेचेसुद्धा व्हायचे. माझे नाव कुणी घेत नसे, पण त्यातला माझा वाटा मी गुपचूप घेत असे. सगळे आवरले की पद्मिनी मला ओल्या हाताने पुसायची आणि मग मलमलीच्या एका मऊ फडक्याने कोरडे करायची. ते फडके दुसऱ्या कशालाही वापरायचे नाही, असा घरात नियमच होता.

पुढे दिवस पालटले. पद्मिनी जपानी शिकली. दोन वर्षे तिने कोपऱ्यावरच्या कोंबिनीत, म्हणजे दिवसरात्र उघड्या असणाऱ्या दुकानात, अर्धवेळ काम केले आणि मग कावासाकी गावातल्या एका कंपनीत तिला चांगली नोकरी लागली. सकाळी सातला जायची, रात्री आठला यायची. तरी पोळ्या होत होत्या. मग दोन वर्षांपूर्वी उदयला तोत्तोरीला जागा मिळाली. तोत्तोरी म्हणजे तोक्योहून सातशे किलोमीटर. तिथे समुद्रकाठी वाळूचे डोंगरच्या डोंगर आहेत आणि वाळूत पीक कसे घ्यावे याचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. पद्मिनी त्या गावाला 'तुझं वाळवंट' म्हणायची आणि उदय फोनवर दर वेळी दुरुस्ती करायचा.

"वाळवंट नाही गं. इथे धो धो पाऊस पडतो. नुसती वाळू आहे."

"बरं, नुसत्या वाळूत जेवलास का?"

एकटीसाठी कोण कणीक मळणार? ओजिमाच्या भारतीय दुकानातून गोठवलेल्या पोळ्यांची पाकिटे येऊ लागली. मी ओट्याच्या खिडकीशी भिंतीला टेकून उभा राहू लागलो. माझ्यावर एकदा मोबाइलचा चार्जर ठेवला, तो मी सोसला. एकदा भिजलेली छत्री टेकवली, तीही सोसली. मनात म्हटले, उदय परत येईल, दिवस बदलतील.

दिवस बदलले, पण ते असे. पद्मिनी शनिवारी सकाळी कुठेतरी जायची आणि गुडघे काळेनिळे करून घरी यायची. मोटरसायकल शिकवणाऱ्या शाळेत तिने नाव घातले होते. तिथे पहिल्या दिवशी आडवी पडलेली गाडी एकटीने उचलून उभी करायला लावतात, तोवर पुढचे काही शिकवत नाहीत. मग वीतभर रुंदीच्या लांबलचक फळीवरून, न पडता, सावकाश गाडी न्यायची. ती घरातही फरशीच्या रेघेवर पावलापुढे पाऊल ठेवत चालून बघायची. तीनदा नापास झाली आणि चौथ्यांदा पास झाली. मला वाटले, हौस फिटली असेल.

एप्रिलमध्ये ती आली. आमच्या खिडकीखालीच उभी राहिली. लालभडक, अडीचशे सीसीची, कुणीतरी वापरून विकलेली. पद्मिनीने पहिल्याच संध्याकाळी तिचे नाव हरणी ठेवले. बारा वर्षे मी त्या घरात होतो, माझे नाव ठेवावे असे कुणाच्या मनात आले नव्हते.

मित्रांनो, मत्सर म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळले. खिडकीतून मला सगळे दिसायचे. ती ऑफिसातून आली की वर येण्याआधी हरणीच्या टाकीवर हात फिरवायची. पाऊस आला की कव्हर नीट आहे ना म्हणून चपला पायात सरकवून खाली पळायची. साखळीला तेल घालायची. मला तेल लावून दीड वर्ष झाले होते आणि माझ्या मधोमध केसाएवढी भेग दिसू लागली होती. हे सगळे मी गिळले असते, पण एका रविवारी ती मलमलीचे फडके घेऊन खाली गेली आणि त्याने हरणीचे दिवे पुसले. माझे फडके. काळे होऊन परत आले ते.

उदयशी फोनवर बोलणे व्हायचे त्यातही निम्मा वेळ हरणीचाच. एकदा तो जरा कडवटपणे म्हणाला, "माझ्यापेक्षा त्या गाडीची चौकशी जास्त असते तुला." त्या दिवशी मला उदय फार जवळचा वाटला.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी पद्मिनीने मला भिंतीपासून उचलले. किती महिन्यांनी! पण तिच्या दुसऱ्या हातात मोजपट्टी होती. तिने मला आडवे-उभे मोजले आणि मी गारठलो. इथे कचऱ्याचा मोठा काटेकोर कायदा असतो. तीस सेंटिमीटरपेक्षा मोठी वस्तू मोठ्या कचऱ्यात, त्याला वेगळी चिठ्ठी लावून वेगळ्या दिवशी. त्याहून लहान लाकूड जाळायच्या कचऱ्यात, साध्या पिशवीत. मी पंचवीस भरलो. म्हणजे मला चिठ्ठीसुद्धा मिळणार नव्हती.

तेवढ्यात उदयचा फोन आला. पुढच्या आठवड्यात त्याचा वाढदिवस होता.

"काय पाहिजे?" पद्मिनीने विचारले.

"पोळी. सहा महिने झाले खाऊन. गरम पाहिजे."

"येते घेऊन. हरणीवरून."

"सातशे किलोमीटर? वेड लागलंय का तुला?"

"जुन्या रस्त्याने येईन, तीन दिवसांत, हळूहळू. एक्स्प्रेसवेवर मला त्या ट्रकांची भीती वाटते. आणि पोळपाट आणते. मोजलाय, मागच्या सीटवर बरोबर बसतो. तो तुझ्याकडेच ठेव आता. इथे नुसता पडून असतो."

कचऱ्यात जाणार नाही म्हणून माझा जीव भांड्यात पडला आणि पुढच्याच वाक्याला तो पुन्हा वर आला. तुझ्याकडेच ठेव! म्हणजे हरणी तिच्याजवळ राहणार आणि मी वाळूत जाणार. जिच्यासाठी मी सासवड सोडले, ती मला पोचवायला निघाली होती, तेही माझ्या सवतीच्या पाठीवर बांधून. परत येताना ती मला बरोबर घेईल की नाही, एवढा एकच प्रश्न त्या तीन दिवसांत माझ्यापुढे होता.

नवीन लायसन्स असले की पहिले वर्षभर मागे माणूस बसवायचा नाही, असा इथला नियम आहे. म्हणून हरणीच्या मागच्या सीटवर आजवर कुणी बसले नव्हते. मला टॉवेलात गुंडाळून, रबरी दोऱ्यांच्या जाळीने त्या सीटवर करकचून बांधले. उदयच्या आधी तिथे मी बसलो, एवढे एक समाधान मी मिळवले.

तोक्योहून क्योतोला जाणारा तोकाइदो नावाचा फार जुना रस्ता आहे. चारशे वर्षांपूर्वी लोक तो पायी चालत, आणि वाटेत त्रेपन्न मुक्काम होते. आता त्यावर डांबर आहे, सिग्नल आहेत, पण डोंगर तेच आहेत. हाकोनेच्या चढावर हरणी धापा टाकू लागली, तर पद्मिनी टाकीवर थोपटत म्हणाली, "चल गं माझी बाई." मी तीस-पस्तीस पोळ्यांच्या रविवारी कधी धाप टाकली होती का? पण मला कधी कुणी थोपटले नाही. पुढे एका खिंडीत समोर समुद्र आणि त्यावर फुजी डोंगर दिसला. तिने गाडी थांबवून हरणीचा फोटो काढला. त्यात मीही आलो आहे, पण टॉवेलात.

समोरून येणारे मोटरसायकलवाले हात वर करून पद्मिनीला सलाम करायचे. आधी ती बावरली, मग तीही हात करू लागली. हेल्मेटच्या आत ती मोठ्याने गाणी म्हणत होती. बारा वर्षांत ओट्यापाशी तिला मी असे गाताना ऐकले नव्हते. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्याकाठच्या एका विसाव्याच्या जागी, एक सत्तरीचे जपानी आजोबा आपल्या जुन्या मोटरसायकलला टेकून कॉफी पीत होते. पद्मिनीने टॉवेल सोडून मला झटकले तेव्हा ते पुढे आले.

"बोन्साय ठेवायचा पाट का हा?" त्यांनी विचारले.

"नाही, यावर आम्ही पोळी लाटतो. आमची रोजची भाकरी समजा," पद्मिनीने तिच्या जपानीत सांगितले.

त्यांनी परवानगी मागून माझ्यावर बोटाने टकटक केले, कान लावला आणि म्हणाले, "फार चांगले लाकूड आहे." पाहा, परक्या माणसाला कळले! मी छाती फुगवली. पण तेवढ्यात ते हरणीकडे वळले आणि तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून तिचे दहा मिनिटे गुणगान केले.

तोत्तोरीला जातेस, तर सावध, असे त्यांनी पद्मिनीला बजावले. तिकडे वाऱ्याने वाळू रस्त्यावर येते. वाळूत गाडी उभी केली की स्टँड रुततो आणि गाडी पडते, म्हणून स्टँडखाली काहीतरी सपाट ठेवावे. त्यांनी खिशातून तळहाताएवढी जाड प्लास्टिकची चकती काढली. "ही घेऊन जा. माझ्याकडे आणखी आहेत."

"नको, नको," पद्मिनी म्हणाली.

आता आपल्याकडे पहिल्या 'नको'ला कोण मोजतो? समोरचा आग्रह करतो, आपण आढेवेढे घेतो, तिसऱ्यांदा घेतो. पद्मिनी आढेवेढ्यांच्या तयारीने उभी होती. आजोबांनी "असं का" म्हणून मान डोलावली आणि चकती खिशात परत ठेवली. ती बिचारी दोन मिनिटे उगाच हेल्मेटचा पट्टा चाचपत थांबली, पण ते काही पुन्हा विचारेनात. पुढे जे झाले ते त्या एका 'नको'मुळे झाले.

तिसऱ्या दिवशी क्योतोच्या पुढचा जुना सानिन रस्ता धरला. डोंगर, बोगदे, थंडगार पाऊस. दोन्ही मुक्कामी पद्मिनीने मला खोलीत घेतले होते आणि हरणी बाहेर भिजली होती, हे मी मुद्दाम नमूद करतो. दुपारी समुद्र लागला, ऊन पडले आणि उजव्या हाताला एकाएकी वाळूचे पिवळे डोंगर उभे राहिले. माणसे त्यावर मुंग्यांसारखी चढत होती. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला वाळूतच राक्क्यो नावाच्या लहान कांद्यांची शेते, जांभळ्या फुलांनी भरलेली. डांबरावर वाळूचे पट्टे सरकत होते. पद्मिनी अगदी चालण्याच्या वेगाने गाडी नेत होती आणि त्या फळीवर शिकलेले सगळे तिच्या कामाला येत होते.

उदय आपल्या प्रयोगाच्या शेतात उभा होता. तिला पाहून त्याने दोन्ही हात हलवले. पद्मिनीने रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टँड लावला. स्टँड वाळूत घुसला, हरणी कलली. तिने ती पोटाशी धरून सावरली. आता गाडी सोडता येईना आणि हाताशी दगड नाही, फळी नाही. तिने मागे हात घातला, जाळी ओढली, टॉवेल फेकला आणि मला स्टँडखाली सरकवले.

लोखंडी स्टँड माझ्या छातीवर बसला. दीडशे किलोची सवत माझ्यावर उभी राहिली.

उदय धावत आला तो हसत होता. जवळ येताच त्याचे हसू मावळले.

"पद्मिनी, हा पोळपाट ना?"

"हो."

"पोळपाटावर गाडी उभी केलीस? अगं, चुकून पाय लागला तरी नमस्कार करतो आपण."

"रुतत होती ती. मग काय डोक्यावर घेऊ? तीन दिवस गाडी चालवून आलेय, आधी कशी आहेस म्हणून विचार."

"ते विचारतोच. पण ज्याच्यावर आपलं अन्न होतं—"

"तू कधी लाटलीस का त्याच्यावर एक तरी पोळी?"

दोघे हरणीच्या दोन बाजूंना उभे राहून भांडत होते. अन्नाच्या पाटावर गाडी, हा माझाच अपमान होता. मला चीड यायला हवी होती. पण मला वेगळेच काही वाटत होते. आयुष्यात पहिल्यांदा हरणी माझ्या हाती होती. मी जरा तिरका झालो की ती आडवी.

वारा सुटला. माझ्या एका पायाखालची वाळू सरकू लागली. मी पाय घट्ट रोवून धरायची शिकस्त केली, असे मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटे आहे. मी मनापासून म्हणालो, पड.

हरणी पडली. माझा पाय काडकन मोडला, त्याचे मला काही नाही. पण पद्मिनी तिला सावरायला झेपावली आणि गाडीच्या मुठीखाली तिचा उजवा हात सापडला. ती ओरडली नाही. वाळूत बसली, मनगट धरून, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी.

हरणीला एक ओरखडा आला, बस. माझा सारा मत्सर त्या हातावर जाऊन पडला, ज्या हाताने मला बारा वर्षे पुसले होते. मित्रांनो, त्या क्षणी मला जाळायच्या कचऱ्यात टाकले असते तरी मी हूं की चूं केले नसते.

हाड मोडले नव्हते. मनगट मुरगळले होते, डॉक्टरांनी पट्टी बांधून आठवडाभर काही करू नका म्हणून सांगितले. उदयने तिच्या ऑफिसात फोन केला. संध्याकाळी त्याच्या एका खोलीच्या घरात त्याने माझा पाय डिंकाने चिकटवला आणि प्रयोगशाळेतला चिमटा लावून बांधून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्याचा वाढदिवस, आणि पोळ्या करायला हात नव्हते.

"तू सांग, मी करतो," उदय म्हणाला.

त्याची पहिली कणीक दगड झाली आणि दुसरी चिखल. पहिली पोळी माझ्यावरून सुटेचना, त्याने ती चाकूने खरवडून काढली. माझ्या अंगावर आजवर चाकू लागला नव्हता. पण बोलायला मला तोंड राहिले नव्हते. पद्मिनी डाव्या हाताने खिचडी खात हसत होती.

चौथ्या दिवशी जेवताना त्याने विषय काढला. "सोड ना ती नोकरी. इथेच ये. पोळपाट आणलाच आहेस."

मी कान टवकारले. ती इथे राहिली तर मीही तिच्याजवळ राहणार होतो, आणि इथे हरणीचे कामच काय होते!

पद्मिनीने चमचा खाली ठेवला. "पोळपाट तुझ्यासाठी आणलाय, उदय. त्याच्याबरोबर मी आलेली नाही," ती म्हणाली. "तिकडे माझं काम आहे. पद्मिनी-सानना विचारा, असं ऑफिसात लोक मानाने म्हणतात. ते मिळवायला मला दहा वर्षं लागली. मी दर दोन महिन्यांनी येईन. तूही ये. पण पोळीसाठी मला इथे बसवू नकोस."

उदय उठून भांडी घासायला लागला.

आठवड्याने पट्टी सुटली. पद्मिनीने सकाळी मागच्या सीटवर बॅग बांधली. मी ओट्यावर वाट बघत होतो. ती आत आली, तिने पाण्याची बाटली भरली, माझ्या चिकटवलेल्या पायावरून अंगठा फिरवून बघितला आणि उदयला म्हणाली, "महिन्यातून एकदा तेल लाव त्याला." मग खालून हरणीचा आवाज आला, वळणापर्यंत ऐकू आला आणि थांबला.

मी फुगून बसलो. हिवाळाभर उदयच्या पोळ्या चिकटत होत्या, त्याला थोडे पीठ कारण होते आणि थोडा मी. तोत्तोरीत बर्फ पडला, मोटरसायकली चालेनाशा झाल्या, पद्मिनी रेल्वेने एकदा येऊन गेली, तेव्हा पोळ्या तिनेच लाटल्या. एरवी तो फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि ती ओजिमाहून सांगायची, "सैल झालंय पीठ. आणखी मळ." तो मळायचा. दमून आला तरी दोन पोळ्या करायचाच. तेलही लावायचा, न चुकता. असा माणूस समोर असताना किती दिवस फुगून बसणार? फेब्रुवारीत मी त्याला पहिली गोल पोळी दिली.

एप्रिलात एका दुपारी तो ओळखीचा आवाज वळणावर आला आणि मला पुन्हा ते काळे झालेले फडके आठवले. पद्मिनी वर आली. केस हेल्मेटने चपटे झालेले, नाकाचा शेंडा उन्हाने लाल. हात धुतले आणि सवयीने सरळ माझ्याकडे येऊन तिने लाटण्याला हात घातला.

"अंहं. तू बस," उदय म्हणाला. "आज मी वाढतो."

ती जमिनीवर मांडी घालून बसली, जरा अवघडून, पाहुण्यासारखी. उदयने लाटली, भाजली, तूप लावले आणि तव्यावरची पोळी थेट तिच्या ताटात टाकली. तिने ती तोडली. वाफ आली, बोट भाजले, तिने ते तोंडात घातले. पहिली पोळी ती भाजीशिवायच खाऊन गेली. दुसरी ताटात पडली तेव्हा म्हणाली, "उदय, या पोळपाटावरची गरम पोळी मी आज पहिल्यांदा खातेय."

"काहीतरीच. बारा वर्षं तूच तर—"

"मीच लाटत होते ना. लाटणाऱ्याला गार मिळते. शेवटची."

उदय लाटणे हातात धरून उभा राहिला. तव्यावरची पोळी करपली तरी त्याला कळले नाही.

आणि मी? मी तिला माझी म्हणत आलो होतो. तिने गाडीला नाव ठेवले म्हणून जळलो, फडके नेले म्हणून जळलो. जळून जळून तिचा हात मोडायला निघालो. त्या गाडीने तिला हाकोने दाखवले, फुजी दाखवला, गायला लावले. मी बारा वर्षांत हजारो पोळ्या दिल्या, त्यांतली एकही गरम पोळी तिच्या वाट्याला आली नाही, आणि हे माझ्या ध्यानातसुद्धा आले नव्हते.

हरणीचा मत्सर आता गेला का, असे विचाराल तर सगळा गेलेला नाही. आवाज आला की अजून जरा टोचते. पण ती येते तेव्हा पद्मिनी येते आणि आल्यावर भूक लागलेली असते, म्हणून मी तिच्या आवाजाकडे कान लावून असतो.

मित्रांनो, आम्हाला तेल लावा, पुसून ठेवा, ओले टाकू नका, हे तर मी सांगणारच. पण खरी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरी जे कुणी पोळ्या लाटत असेल, आई असो, आजी असो, बाबा असोत, त्यांच्या हातातले लाटणे एक दिवस काढून घ्या आणि त्यांना खाली बसवा. ते नको म्हणतील, ऐकू नका. तुमची पोळी वाकडी होईल, होऊ द्या. तव्यावरून उतरलेली पहिली पोळी त्यांच्या ताटात वाढा.